डॉक्टर इद्रिसांच्या नावाची पाटी

चिपळूणच्या हेमलता सुर्वे बारा वर्षांपासून रियाधमधल्या एका भारतीय शाळेच्या मुलींच्या विभागात इतिहास शिकवतात. तिथलं वाचनालय इद्रिस नावाच्या सुदानी डॉक्टरांनी उभं करून दिलेलं. त्यांचं स्वतःचं मूल काही या शाळेत नव्हतं. त्यांच्या दवाखान्यात येणारी इथली पोरं ताटकळत बसतात आणि एकाच्याही हातात पुस्तक नसतं, एवढंच त्यांना खटकलं होतं. ते मायदेशी परतले तेव्हा वाचनालयाच्या दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी लागली. मजकूर हेमलताबाईंचाच.

गेल्या हिवाळ्यात प्राचार्य जगदीश सरांनी बाईंना बोलावलं. जेद्दाहच्या अझीझिया भागातले एक व्यापारी तीस कॉम्प्युटर देणार होते. वाचनालयाला त्यांना आपलं नाव हवं होतं.

"नवा मजकूर तुम्हीच लिहा. जुनी पाटी काढू."

"आणि डॉक्टर?"

"ते काय बघायला येणार आहेत, मॅडम?"

त्या दिवसापासून बाईंचं कशातच लक्ष लागेना. कागद पुढ्यात घ्यायच्या, दोन शब्द लिहायच्या, खोडायच्या. एकदा भाजी करपली तेव्हा नवरा म्हणाला, "लिहून टाक ना. मुलांना कॉम्प्युटर मिळतील." तेही खरंच होतं.

त्याच आठवड्यात अकरावीला त्या रोमन अमलाखालच्या ग्रीक शहरांबद्दल शिकवत होत्या. ही शहरं परक्या दात्यांचे पुतळे उभारायची, त्यांची मानपत्रं दगडात कोरायची. पुढे ऱ्होड्समध्ये तर नव्या रोमन पाहुण्याचा मान करायचा झाला, की जुन्याच पुतळ्यावरचं नाव खोडून त्याचं घालू लागले.

"मॅम," अनुष्का नावाच्या मुलीने विचारलं, "त्या नव्या माणसाला कळत नसेल का, की उद्या आपलंही खोडतील?"



शाळा सुटल्यावर एका दुपारी ते व्यापारी वाचनालय बघायला आले. पाटीपाशी थबकून म्हणाले, "हे कोण?" सर काही बोलायच्या आत बाईंनी सगळं सांगून टाकलं, पाटी निघणार आहे हेसुद्धा.

त्यांनी पाटी शेवटपर्यंत वाचली. "मग माझी किती वर्षं टिकेल?"



कॉम्प्युटर दुसऱ्या शाळेला गेले. जगदीश सर आता बाईंशी कामापुरतंच बोलतात. कॉम्प्युटरच्या तासाला पाच मुली एका पडद्यापुढे दाटीने बसतात, आणि त्या खोलीवरून जाताना बाई भराभर पावलं उचलतात.

"चुकलं असं वाटतं का?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"डॉक्टरांच्या बाबतीत नाही," त्या म्हणाल्या. "मुलींच्या बाबतीत रोज वाटतं."