मोटारीच्या दारावर माझा पंजा

आता हे कोणत्या तोंडानं सांगू? पण सांगतेच. फक्त चहा आधी संपवा. मध्येच हसू आलं तर ठसका लागेल, आणि त्याचंही खापर माझ्याच माथी यायचं.

लढाई संपून पेट्रोल पुन्हा मिळायला लागलं, तेव्हाची गोष्ट. माझ्या लग्नाला जेमतेम पाच महिने झाले होते. हिंगोलीत सासऱ्यांची हळदीची आडत, आणि दारात काळी कुळकुळीत मोटार. मामंजींचा तिच्यावर इतका जीव, की वर बसलेल्या माशीलाही ते "आधी पाय पूस" म्हणाले असते!

हैदराबादला निघताना ते आमच्या ह्यांना बजावून गेले, "खंडेनवमीची पूजा झाली की दसऱ्याला सूनबाईला मोटारीनं कुरुंद्याला सोडून ये. पण तवर मोटार जागची हलवायची न्हाई. एक ओरखडा जरी दिसला, तर किल्ली माझ्या खिशात!"

कुरुंदा माझं माहेर. मी त्याच दिवशी पत्र टाकलं, मोटारीनं येते. धाकट्या बहिणीनं म्हणे अर्ध्या गावाला सांगितलं. उरलेल्या अर्ध्याला आईनं.

आणि चौथ्या दिवसापासून आमचे हे दुपारचे गायब व्हायला लागले.

जेवले की उठले. परत यायचे ते थेट न्हाणीत. मी बोलते कमी, पण डोळे काही मिटून बसत नाही. पहिल्या दिवशी सदऱ्याच्या बाहीवर काळा डाग दिसला. बोटभर. काजळाचा! दुसऱ्या दिवशी दोन. बरं, काजळ मीही घालत होते; पण दिवसाढवळ्या माझं काजळ ह्यांच्या बाहीला लागावं, एवढी आमची ओळखच कुठं झाली होती?

त्यात तो वास. पाण्याचा तांब्या देताना मी हळूच विचारलं, "कुठं गेलता?"

"बाजारात."

"अन् राकेलचा वास काहून येतोय?"

"राकेलचा गाडा कलंडला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास.

"आजबी कलंडला?"

"व्हय."

काय हो, हिंगोलीत राकेलचे गाडे रोज कलंडतात?

मग माझ्या पेटीतला मऊ मलमलीचा तुकडा नाहीसा झाला. संपलंच! काजळ तिचं आणि मलमल माझी! मनातल्या मनात मी त्या बाईला घर दिलं, नाव दिलं, नाकात चमकीसुद्धा घातली.

खंडेनवमीला मामंजी सकाळच्या गाडीनं परतले. मोटार अंगणात आली, झेंडूची माळ चढली. आमच्या घरी त्या दिवशी गाडीवर नव्या सुनेनं ओल्या हळदीचा पंजा उमटवायचा. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, ताट पुढं केलं. मी हात बुडवला, तोच हे आडवे आले.

"पुढं बॉनेटवर लाव. डाव्या दाराला नको."

"काहून?"

"नको म्हणलं ना!"

"काय हाय डाव्या दारात?"

"काई न्हाई!"

तोंड मात्र पांढरंफटक. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चालवणारा बसतो उजवीकडे. मग डाव्या दारानं कोण चढतं? तीच! चमकीवाली!

मी पदर खोचला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून डाव्या दारावर थाप मारली.

"या अल्ला!" फाटकातून आवाज आला. टांगे रंगवणारे रहीमचाचा कपाळाला हात लावून उभे.

माझा हात निघेना. ओढला तेव्हा चर्र झालं. तळहात काळाभोर, आणि दारावर पाच बोटांचा खोल पंजा, कडेनं पिवळा.

"हे काय हाय?" मामंजींनी चष्मा चढवला.

रहीमचाचा रडवेले झाले. "सेठ, जरासा दाग था. घिस-घिस के किनारा पुराने रंग में मिलाया, तीन हात पतले-पतले मारे, छोटे सेठ रोज मलमल से पोंछे. बोला था, आठ रोज हात नक्को लगाओ!"

"दाग पडला कसा?"

"फाटकाच्या खांबाला घासली," हे जमिनीला म्हणाले.

"हलवलीस काहून?"

"सराव करून राहिलो होतो. कुरुंद्याचा रस्ता वाईट. ही पहिल्यांदाच मोटारीत बसणार. म्हणलं, दचके बसू नयेत."

झालं! रंगाचे डाग, रंग काढायचं राकेल, रंग पुसायची मलमल. आणि ती चमकीवाली? माझ्याच डोक्यातून निघून माझ्याकडेच बघत हसली.

मामंजी ओरडले नाहीत. त्यांनी वाकून पंजाभोवतीचा रंग बराच वेळ न्याहाळला. मग ह्यांच्यापुढं हात पसरला, किल्ली घेतली, खिशात टाकली आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "सूनबाई, काम इतकं बेमालूम हाय, की मला जन्मात दिसलं नसतं."

मग म्हणाले, "उद्या रेल्वेनं वसमतला जा. पुढं बैलगाडी."

दसऱ्याला कुरुंद्याच्या वेशीवर सगळं गाव मोटार बघायला उभं! बैलगाडी थांबली. मी उतरले. धाकटी धावत आली, माझ्या मागं बघितलं, बैलांच्या मागं बघितलं.

"ताई, मोटार कुठं हाय गं?"

मी तळहात उघडला. अजून काळाच होता. राकेलनं चोळूनही रंग निघाला नव्हता.

"ही काय," म्हटलं. "निघेल तेवढी खरवडून आणली."