अठ्ठ्याण्णव असताना काढलेली नळी

"नाकमा नळी लावी म्हणजे माणूस परत घर येत नही. मन्हा भाऊ तसाच गया."

दाराबाहेर रेखाची आई कुणाला तरी सांगत होती. मी रेखाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावताना तिने दारातून पाहिलं होतं.

रेखा सारंगखेड्याची, चोवीस वर्षांची. हाडात अडकलेली अक्कलदाढ काढायची होती. ड्रिलच्या नुसत्या आवाजाने ती रडायची, म्हणून सेडेशन, म्हणजे गुंगी. ते माझं काम. मी भूलतज्ज्ञ आहे. नंदुरबारच्या या डेंटल क्लिनिकमध्ये बोलावलं की जाते.

दाढ काढणाऱ्या डेंटिस्ट सरांनीही आईचं बोलणं ऐकलं.

"मॅडम, काढा ती नळी. सॅच्युरेशन अठ्ठ्याण्णव आहे. नाहीतर आई पोरीला उठवून थेट बसस्टँडवर नेईल."

सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा. बोटाला लावलेला चिमटा तो दाखवतो. पण हे अठ्ठ्याण्णव जागेपणीचं होतं. गुंगीत श्वास उथळ होतो. नळीमुळे फुप्फुसात थोडा साठा राहतो, सावरायला वेळ मिळतो. हे सगळं मला इंग्रजीत पाठ होतं. मराठीत वाक्य जुळेपर्यंत सरांचे ग्लोव्हज घालून झाले होते.

मी नळी काढली.

औषध थोडं थोडं दिलं. रेखा शांत झाली. ड्रिल सुरू झालं. पंच्याण्णव. त्र्याण्णव. छाती जेमतेम हलत होती.

"सर, सॅच्युरेशन ड्रॉप होतंय." ड्रिलच्या आवाजात ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

एकोणनव्वद.

मी सरांचं मनगट धरलं. ड्रिल थांबलं. हनुवटी वर उचलली, नळी लावली, रेखाला हलवून हाक मारली. "रेखा, श्वास घे. मोठा घे." तिने घेतला. मिनिटभरात सत्त्याण्णव.

सरांनी सक्शनने तोंड साफ केलं. "करू सुरू?" असं त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं.

नळी आता तशीच ठेवली. तरी मी छातीकडेच बघत राहिले, कारण नळी असली की श्वास मंदावल्याचं आकडा उशिरा सांगतो. दाढ तीन तुकड्यांत निघाली.

तासाभराने आई आत आली. रेखा तोंडात बोळा धरून बसली होती.

"गालवर हाई खूण कसानी शे? नळी लावी व्हती का?"

"नाही हो मावशी, साधी टेप होती," सर हसून म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्याशी दोन मिनिटं बोलणं मी नळी काढताना टाळलं होतं, आणि ते रेखाला भोवलं होतं.

"लावली होती, मावशी," मी म्हणाले. "आधी लावली, तुम्ही घाबराल म्हणून काढली. मग तिचा श्वास मंदावला, म्हणून परत लावली. लावली ते बरोबर होतं. काढली, ती चूक माझी."