यन्नम सरांनी उघडी ठेवलेली फाईल

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. एखादी गोष्ट वेळच्या वेळी मिटवली नाही की ती शिल्लक राहते, तिच्यावर दुसरी येऊन पडते, आणि काही वर्षांनी चहा पिताना आपण त्या ढिगालाच किस्से म्हणू लागतो.

आमच्या शिक्षणसंस्थेच्या सोलापुरातल्या मुख्य कार्यालयात संगणक विभाग म्हणजे दोन माणसं होती: यन्नम सर आणि मी. आता मी एकटीच आहे. मागच्या महिन्यात सरांच्या पत्नीला सरांच्या नोकरीचा दाखला हवा होता, कारण त्या दाखल्यावर त्यांची स्वतःची नोकरी अवलंबून होती. तो ज्या प्रोग्रॅममधून निघणार होता, तो सरांनीच लिहिलेला. त्यात एक ओळ कमी होती. त्या ओळीवरून आम्ही दोघं सहा वर्षं भांडलो.

*

प्रोग्रॅमचं काम सरळ होतं. वेब पेजवर नाव निवडून बटण दाबलं, की सर्व्हर वर्डचा ठरलेला नमुना उघडायचा, त्यात नाव आणि तारखा भरायचा आणि दाखल्याची नवी फाईल तयार करायचा. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, की दाखला वर्डमध्ये कशासाठी? थेट पीडीएफ का नाही?

सर हसले फक्त. उत्तर दिलं ते हेडक्लार्क मुलाणी भाऊसाहेबांनी. त्यांची उभी हयात दाखले देण्यात गेलेली.

"मॅडम, पीडीएफ म्हणजे दगडावरची रेघ. वर्डमध्ये माणसाची चूक मागनं तरी सुधारता येती की!"

या युक्तिवादात मला एकच दोष सापडला: तो खोडून काढता येईना.

*

आता ती ओळ. उघडलेली फाईल बंद करावी आणि वर्डला मोकळं करावं, हे सर्व्हरला सांगणारी ओळ सरांच्या कोडमध्ये नव्हती. दाखला तयार होई, पण अधूनमधून त्यामागचा वर्ड सर्व्हरच्या मेमरीत तसाच बसून राही, हातातली फाईल न सोडता. असे वर्ड साठत जात आणि दुपारपर्यंत सर्व्हरला धाप लागे. सरांचा उपाय ठरलेला होता. रोज दीड वाजता, डबा उघडण्याआधी, सर्व्हर रीस्टार्ट!

"सर, उघडलेलं बंद करायला नको?" मी विचारलं.

"रोज दीडला करतो की."

"घरी फ्रिजचं दार दीडपर्यंत उघडं ठेवता का?"

"ठेवतो की!" सर शांतपणे म्हणाले. "घरी तुमच्या वहिनी आहेत ना बंद करायला. नळ, फ्रिज, कपाट, टीव्ही… लग्न झाल्यापासनं माझ्या मागं बंदच करत फिरतायत बिचाऱ्या."

*

बारावीच्या निकालानंतर शाळा-कॉलेज सोडल्याच्या दाखल्यांची झुंबड उडाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, व्हरांड्यात पालक घामाघूम उभे होते आणि अकरा वाजताच सर्व्हर बसला. सचिवसाहेब स्वतः आमच्या खोलीत आले. माणूस माळशिरसकडचा, आवाज या शेतातून त्या शेतात हाक मारायचा.

सरांनी टास्क मॅनेजर उघडून दाखवला. चालू असलेल्या कामांची यादी त्यात दिसते; वर्डचं नाव तिथं विनवर्ड. विनवर्ड, विनवर्ड, विनवर्ड, अशी ओळीनं एकसष्ट नावं! साहेबांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली.

"एकाच आडनावाची एकसष्ट माणसं? आन् माझ्या सहीबिगर भरली?"

खोलीतलं कुणीही हसलं नाही. तो विनोद होता की चौकशी, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी मात्र संधी साधून ती कमी असलेली ओळ साहेबांना समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"रीस्टार्ट केल्यावर चालतंय न्हवं?"

"चालतं, पण—"

"मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालताय, बाई!"

*

फाईल अशी अडकून राहिली, की ती उघडू पाहणाऱ्याच्या स्क्रीनवर एक इंग्रजी चौकट येते. फाईल कोण वापरतंय त्याचं नाव तिच्यात असतं. सर्व्हरवर वर्ड बसवलं सरांनी, नाव घातलं स्वतःचं. त्यामुळे अडकलेली प्रत्येक फाईल 'यन्नम' वापरत असत.

एकदा सर पुतणीच्या लग्नासाठी चार दिवस हैदराबादला गेले. परत आले तर हजेरीपटावर चारही दिवस हजर!

"भाऊसाहेब, हे काय? मी रजेचा अर्ज दिला होता की!"

"अर्ज हाय माझ्याकडं." भाऊसाहेबांनी तो काढून दाखवला. "पण चारी दिवस फाईल उघडायला गेलो की कॉम्प्युटर सांगतोय, यन्नम वापरतायत. आता अर्ज खरा धरू का कॉम्प्युटर खरा धरू? सर्व्हर तुमीच बसवलाय. मी लावली हजेरी."

सरांनी रजा मांडायला लावली. भाऊसाहेबांनी ती मांडली, पण शेरा लिहून: 'रजेवर असून कामावर.'

*

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर सरांच्या पोटात दुखू लागलं. संक्रांतीला त्यांना दवाखान्यात ठेवलं ते कायमचंच, हे आम्हाला पुढं कळलं. त्या दिवसांत मी ती ओळ लिहून काढली, माझ्या मशीनवर तपासली आणि छापील कागद घेऊन त्यांना भेटायला गेले. आजारी माणसाला फळं नेतात. मी कोड नेला. याचं समर्थन मला करता येणार नाही.

सर उशीला टेकून बसले. हात बारीक झाले होते. वहिनी पलीकडच्या स्टुलावर बसून, त्यांनी उघडी टाकलेली औषधाची बाटली बंद करत होत्या. सरांनी कागद दोनदा वाचला आणि पेन्सिल मागितली.

"मॅडम, तुमची बंद करायची ओळ अगदी शेवटी आहे."

"हो. सगळं काम झाल्यावर."

"आणि वाटेतच काही झालं तर?" ते म्हणाले. "शेवटापर्यंत पोचलंच नाही तर?"

चूक माझी होती. मध्येच एरर आली असती, तर माझी ओळ कधीच चालली नसती आणि फाईल तशीच उघडी राहिली असती. ज्या माणसाला मी सहा वर्षं बेशिस्त म्हणत आले, त्यानं माझ्या कोडमधली चूक झोपल्या जागेवरून काढली होती. पेन्सिलीनं त्यांनी ती ओळ बाहेर घेतली; काही झालं तरी, न चुकता, चालेल अशा ठिकाणी.

"आता बरोबर आहे," सर म्हणाले. "पण सर्व्हरवर लावू नका हां. मी येतो, मग दोघं मिळून लावू. तोवर हात लावायचा नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला.

*

सर गेल्यावर शोकसभा झाली. दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी रीस्टार्ट करायला उठले, तर भाऊसाहेब सर्व्हरच्या खोलीच्या दारात आधीच उभे.

"मी करतो मॅडम. कसं करायचं ते त्यांनी दाखवलंय मला."

त्यांनी बटण दाबलं. डबा आणला नव्हता, की उघडायचा नव्हता, कोण जाणे. त्या दिवसापासून रोज दीडला तेच जातात. पेन्सिलीची खूण असलेला कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. शब्द ज्याला दिला तो माणूस नाही, पण शब्द तसाच आहे; ती ओळ मी लावलेली नाही.

*

मागच्या महिन्यात शाळेच्या ग्रंथालयात परिचराची जागा निघाली. सचिवसाहेबांनी ती वहिनींना द्यायचं मनावर घेतलं. अट एवढीच, की सरांच्या सेवेचा दाखला चार वाजता सुरू होणाऱ्या समितीच्या बैठकीत टेबलावर हवा.

वहिनी तीनलाच येऊन बसल्या होत्या. शहराच्या पूर्व भागातून इतक्या उन्हातून चालत आलेल्या. भाऊसाहेबांनी नाव निवडलं, बटण दाबलं. दाखला तयार झाला. सही-शिक्क्यासाठी छापायला म्हणून त्यांनी तो उघडायला घेतला आणि त्यांचा हात थांबला. मी उठून त्यांच्या खुर्चीमागे गेले. वहिनीही आल्या.

स्क्रीनवर ती चौकट होती.

वहिनींना इंग्रजी येत नाही. पण नाव वाचता आलं. त्यांनी बोट जवळ नेलं, काचेला लावलं मात्र नाही.

"हे आमचंच नाव ना? काय लिहिलंय, मॅडम?"

मला जे आहे ते सांगण्याची सवय आहे. मी जसंच्या तसं सांगितलं. "'ही फाईल सध्या यन्नम वापरत आहेत.' आणि खाली तीन पर्याय आहेत. नुसती वाचायची, दुसरी प्रत काढायची, किंवा त्यांचं काम झालं की आपल्याला कळवायचं."

वर पंखा फिरत होता.

"दोन मिनिटं, वहिनी," मी म्हणाले. "सर्व्हरवर जाऊन मी ती बंद करते, लगेच निघेल."

मी वळले, तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला.

"नको मॅडम. बंद नका करू."

भिंतीवरच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते. वहिनींनी भाऊसाहेबांच्या टेबलाशेजारची खुर्ची ओढून घेतली आणि पिशवी मांडीवर ठेवून स्क्रीनकडे तोंड करून बसल्या.

"त्यांचं होऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी तिसऱ्या पर्यायावर खूण केली आणि ओके दाबलं.