फ्रिजवरची चिठ्ठी

हर्सूलच्या पलीकडच्या डोंगरावर झाडी आहे, पण वाट नाही. परवा दोन तास जाळ्यांतून वाट काढत चढलो आणि कातळावर अडकलो. वर हात पुरेना, खाली पाय टेकेना. तरी धीर सोडला नाही. कुठं जातोय आणि चारला परतेन, हे लिहून फ्रिजवर लावलं होतं. ही शिस्त बायकोची. "चारचे पाच झाले तर गल्ली गोळा करीन हां," म्हणायची.

मग आठवलं, तिला जाऊन दोन वर्षं झाली. चिठ्ठी कुलपाआड होती आणि किल्ली माझ्याच खिशात. बसून घसरत बारा फूट उतरायला चाळीस मिनिटं लागली.

चिठ्ठीखाली परतल्याची वेळ ती लिहायची. मीच लिहिली : ५.२०. उशीर, ऐंशी मिनिटं.