तात्यांचा सुधारलेला घोडा

घोडेतात्यांसमोर ‘तट्टू’ हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी काढलाच, तर तात्या त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळत आणि अगदी थंडपणे विचारत, "तुज्या बापाशीची उंची किती रे?" समोरचा गांगरून हाताने काहीतरी दाखवी. "मगे तेका बापूस म्हणतस मा? की तट्टू म्हणतस?" माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे. एकदा आमच्या तालुक्याच्या मामलेदारांनाही त्यांनी हाच प्रश्न विचारला होता. कचेरीत होते म्हणून शुद्ध मराठीत विचारला, एवढंच.

तात्या वालावलच्या बाजूचे, खाडीकाठचे. त्यांच्या घराण्यात मिठाची वाहतूक होती. खाडीतून मीठ आणि सुकी मासळी घाटावर न्यायची, येताना गूळ-मिरची आणायची, आणि हे सगळं बुटक्या, केसाळ मानेच्या, रुंद खुरांच्या घोड्यांच्या पाठीवरून. लोक त्यांना मिठाचे घोडे म्हणत. घाटात मोटारीचा रस्ता झाला, लॉऱ्या आल्या आणि ते घोडे कुणाला नकोसे झाले. कुणी विकले, कुणी रानात सोडून दिले. मी नोकरीला लागलो तेव्हा, म्हणजे पन्नास ते साठच्या मधल्या काळात, आमच्या भागात त्या जातीचे दोनच घोडे उरले होते आणि दोन्ही तात्यांकडे. एक तांडेल नावाचा तांबूस नर आणि एक म्हातारी घोडी.

ही जात मरता कामा नये, या एका वेडापायी तात्यांनी घरादाराचं मातेरं केलं. सकाळची पेज चुलीवरून उतरली की पहिली तांडेलाला, मग घोडीला, मग तात्यांना आणि उरली तर त्यांच्या बायकोला, आमच्या काकींना. काकी एकदा मला म्हणाल्या, "माका चार पाय आसते, तर माका पेज पयली गावली आसती." तात्या शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "चार पाय आसते तर घाट चढलं आसतंस. तुका न्हाणयेपर्यंत जावक दम लागता." मी हसलो. त्या वेळी मी तात्यांच्या पुष्कळ गोष्टींवर हसत असे. काकी हसल्या नाहीत.

जत्रा असो, झेंडावंदन असो, की शाळेचं संमेलन असो, तात्या तांडेलाला धुऊनपुसून, आयाळीला खोबरेल चोपडून घेऊन जात. चार बांबूंचा मांडव, पुढे एक पाटी आणि पाटीशेजारी ते स्वतः. माणसं दशावताराला आलेली असत, घोडा बघायला नाही. पण तात्या येणाऱ्याजाणाऱ्याचा दंड धरून त्याला घोड्याचं खूर उचलून दाखवत. एका वर्षी त्यांनी तारकर्लीच्या किनाऱ्यावर शर्यत ठेवली. कुठून कुठून मागून आणलेले घोडे असतील पाच, त्यात तांडेल आणि ती म्हातारी. शिट्टी झाली, बाकीचे तीन पळाले. म्हातारी आपल्या चालीने निघाली आणि तांडेल तिच्या शेपटीमागे. तात्यांनी वर बसलेल्या गड्याला ओरडून सांगितलं, तरी तांडेल काही केल्या तिला ओलांडून पुढे जाईना. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारी माणसं दोर सोडून हसायला लागली. तात्यांना त्याची लाज नव्हती. ते गर्दीवर खेकसले, "हसतास कित्याक? घाटातली पायवाट वीतभर. फुडच्याक ढकलून जाणारो दरीत जाता. ह्यांका अक्कल आसा, तुमका नाय." शर्यतीत घोडा हरल्याचा एवढा अभिमान मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

मी तालुक्याच्या कचेरीत कारकून. दरवर्षी शेतीचं आणि जनावरांचं प्रदर्शन भरे, त्याचे अर्ज माझ्याकडे. पहिल्याच वर्षी परीक्षकांनी तांडेलाला शिंगरांच्या रांगेत उभं केलं आणि उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर केलं. परीक्षकांनी कौतुकाने विचारलं, "किती महिन्यांचं आहे?" तात्या म्हणाले, "धा वर्सांचो. तुमचो सायबपणा किती म्हयन्यांचो?" बक्षीस परत घेतलं गेलं. त्या दिवसापासून तात्यांना गावभर ‘शिंगरूतात्या’ म्हणू लागले. ते नाव कुणी काढलं ते सांगून टाकतो. मी काढलं.

त्याचं उट्टं त्यांनी फेडलं. निदान मला तसं वाटलं. एक दिवस भरकचेरीत, साहेब समोर असताना, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझी उंची पाच फूट एक इंच. ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी आमच्याच जातीचे. ल्हान, पण वझ्याक घट." साहेब हसले, शिपाई हसला, आणि मग वर्षभर मला ‘मिठाचा घोडा’ अशी हाक ऐकावी लागली. तात्यांच्या तोंडून त्याहून मोठं कौतुक कुणाचंही निघालेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी मनात धरून ठेवलं.

दरम्यान म्हातारी घोडी मेली. तात्यांनी दोन पावसाळे वैभववाडीपलीकडची घाटाखालची गावं पायी पालथी घातली आणि एका धनगराकडून त्याच जातीची एक घोडी मिळवून आणली. तिचं नाव चंपा ठेवलं. चंपा अजून लहान होती. "येत्या चैतात ती तिसरा पुरा करतली," तात्या सांगत, "मगे बगा." तांडेल आणि चंपा, एवढ्यावर सगळं उभं होतं. त्याआधी सरकारी वहीत या जातीची नोंद व्हायला हवी, असं त्यांनी मनात घेतलं होतं. नोंद झाली की डॉक्टर येईल, औषध मिळेल, कुणी तट्टू म्हणणार नाही.

त्या वर्षी अर्जात एक नवा रकाना आला होता, ‘जातसुधारणा’. तात्या त्यावर बोट ठेवून म्हणाले, "सुधारणा म्हणजे जातीचा बरा करतले मा?"

त्या रकान्याबरोबर आलेलं परिपत्रक मीच फळ्यावर डकवलं होतं. खुज्या, कमी प्रतीच्या नरांपासून पैदास होऊ नये म्हणून त्यांना प्रदर्शनातच खच्ची करायचं, असं त्यात होतं. मी ते वाचलं होतं. पुढे कैक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की वाचलं नव्हतं, पण वाचलं होतं. मी वर न बघता म्हणालो, "होय तात्या, जातीचं बरंच करतात." आणि त्या रकान्यात बरोबरची खूण केली. एवढा खुजा घोडा दारातच हाकलतील, म्हातारा चारचौघांत तोंडावर पडेल आणि आपण बघू, इतकाच माझा हिशेब होता. गुरांच्या डॉक्टरला त्या दिवशी आकडा पुरा करायचा आहे, हे मला माहीत नव्हतं.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी, भर उन्हात, तांडेलाचे पाय दोरांनी बांधून त्याला आडवं पाडलं. तात्यांना वाटलं नोंदीचा डाग देणार. ते गर्वाने आजूबाजूच्यांना सांगत होते, डाग देताना जनावर हलतं म्हणून पाडावं लागतं. डाग त्यांना बघवत नसे. म्हणून ते डॉक्टरकडे पाठ करून खाली बसले, घोड्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याचे डोळे स्वतःच्या पंच्याने झाकले. "रव रे तांडेला. हलू नको. तुजा नाव लिवतत."

मी तीन पावलांवर उभा होतो. हातात रजिस्टर होतं, तोंड मोकळं होतं. डॉक्टरने सुरी घेतली तेव्हाही बोलता आलं असतं. मी बोललो नाही.

घोडा किंचाळला. तात्या त्याला थोपटत राहिले, "झाला, झाला." मग डॉक्टर हात धुवायला उठला आणि तात्यांनी मागे वळून पाहिलं. ते ओरडतील, मला मारतील, अशी मी वाट पाहिली. त्यांनी पंच्याने घोड्याचं रक्त पुसलं, माझ्याकडे आले आणि हळू आवाजात विचारलं, "घोडो सुधारलो मा आता, भाऊसाहेब?"

चैत्रात चंपा माजावर आली. तिचं खिंकाळणं अर्ध्या वाडीला ऐकू जाई आणि शेजारच्या गोठ्यात तांडेल मान खाली घालून गवत खात असे. लोकांनी सुचवलं की घाटावरचा एखादा उंच घोडा दाखवा. तात्यांनी ऐकलं नाही. चंपाला त्यांनी ज्या धनगराकडून आणली होती, त्याच्याच दारात नेऊन बांधली.

आणि दुसऱ्या वर्षी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते तांडेलाला घेऊन कचेरीत हजर. "तुमचा अक्षर बरा आसा," ते म्हणाले, "पाटी तुमीच लिवा." मी लिहिलं : मिठाचा घोडा. जातिवंत. "फुडे लिवा, सुधारलेला." मी हात थांबवला. "लिवा. तुमीच सुधारल्यात." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाटी वाचून म्हणाले, "सुधारलेला! वा!" आणि तात्यांनी त्यांना हात जोडले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. असं सहा वर्षं चाललं. दरवर्षी नवी पाटी, तेच अक्षर. मी एकदा त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते म्हणाले, "उठा. शाई सुकता."

सातव्या वर्षी तात्या आले नाहीत. आल्या त्या काकी, बोडक्या कपाळाने, हातात तांडेलाचा दोर घेऊन. "जाताना सांगान गेले," त्या म्हणाल्या, "घोडो भाऊसाहेबांका दी, ते आपल्याच जातीचे." दोर माझ्या हातात देऊन त्या लगेच वळल्या. त्यांच्या चालण्यात मला प्रथमच घाई दिसली.

तांडेल आणखी आठ वर्षं माझ्या दारात होता. सकाळी मी त्याला खाडीवर पाण्याला नेई. वाट रुंद होती, तरी तो बरोबरीने कधी चालला नाही, नेहमी माझ्या मागे. मी थांबलो की थांबे. मानेवर त्याचा श्वास लागे. कितीदा मी दोर सोडून बाजूला झालो, जा म्हणून ढकललं, काठीने मारलंसुद्धा. तो पुढे गेला नाही. एकदा वाटेतल्या एका पोराने विचारलं, "काका, ह्या शिंगरू मोठा कदी होतला?"

मी त्याला त्याच्या बापाची उंची विचारायला तोंड उघडलं आणि मागे वळून पाहिलं. तांडेल माझ्या मागे उभा होता.