मामांचं प्लगिन आणि करमाळ्याची यादी

दुसऱ्याच्या सर्व्हरवरचं टेबल आपल्याकडे सुखरूप आणावं ते आमच्या हिच्या वळसंगच्या मामांनीच. बाकीचे नुसती पोती रिकामी करतात. मामा मेंढपाळाच्या घरचे, कारकुनीतून निवृत्त झालेले आणि साठीनंतर प्रोग्रॅमिंग शिकलेले. सोलापुरात मी रक्तपेढीत नोकरीला. आमच्यासाठी त्यांनी एक प्लगिन लिहिलं: बटण दाबलं, की बाहेरगावच्या रक्तदात्यांचं टेबल आमच्या टेबलात येऊन बसतं. बसतं म्हणजे काय, मामांची खात्री पटली तर! ओळ शंकास्पद वाटली की प्लगिन थांबतं आणि मामा फोन लावतात. एका दात्याच्या फोनच्या रकान्यात 'गिरणीत निरोप द्यावा' एवढंच होतं. दुसऱ्या कुणी ती ओळ उडवली असती. मामांनी गिरणी शोधली, निरोप दिला, वर ज्वारी बारीक दळता की जाडी, हेही विचारून घेतलं. मी कपाळावर हात मारायचो.

मग गेल्या वर्षी माझ्या लेकीचं बाळंतपण अडलं. रक्त ओ निगेटिव्ह. पेढीत एकच पिशवी. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत आणखी एक हवीच. मामांनी करमाळ्याची यादी ओढायला घेतली आणि प्लगिन थांबलं. ओ निगेटिव्ह दोन ओळी: नाव तेच, आडनाव तेच, जन्मतारीख एक जून. दुसऱ्या ओळीला फोन नंबरच नाही.

"एकच माणूस दोनदा लिहिलाय, मामा. उडवा ती."

"जावईबापू, आमच्या मास्तरांनी अख्खा वर्ग एक जूनला जन्माला घातलाय. मी बी त्यातलाच की!"

पहिल्या नंबरवरचा माणूस म्हणाला, "मी तर मागच्याच आठवड्यात दिलंय." मामांनी फोन ठेवला नाही.

"पाव्हणं, तुमच्या नावाचं घरात आनिक कोण हाय का?"

"हाय की! चुलतभाऊ. दोघांस्नीबी आज्याचंच नाव ठिवलंय. त्यो आता तितं सोलापूरजवळ कुंभारीला ऱ्हातो."

तासाभरात तो मोटरसायकलवरून आला. लेक वाचली, नात झाली. मी देवाआधी मामांच्या पाया पडलो, खरंच सांगतो.

आता मामांना फोनवरचं ऐकू येत नाही. प्लगिन थांबलं की ते पडद्यावरच्या नावावर बोट ठेवतात, फोन मी लावतो, आणि पलीकडून कुणी बोलेपर्यंत ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात. परवा एका नावाला बराच वेळ उत्तर आलं नाही. मी फोन ठेवू लागलो, तर मामांनी माझं मनगट धरलं. "थांबा की जरा," म्हणाले, "म्हातारं मानूस आसंल. उठून यायला येळ लागतो."