त्या वैशाखात जमीन गार लागायची

भूत, करणी, चेटूक असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. विश्वास नाही म्हणजे काय... चीड आहे चीड! मी आयुष्यभर मुलींना शिकवलं. वर्गात कुणी अंगात येण्याच्या गोष्टी काढल्या तर तिला बाकावर उभी करायची. तुमच्या या सदरात लोक लिहितात त्यातल्या बऱ्याच गोष्टी मला थापा वाटतात, हेही स्पष्ट सांगते. तरी आज लिहायला बसले आहे. कारण ही गोष्ट ऐकलेली नाही, माझ्यावरच गुदरलेली आहे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, आमचे मोठे साहेब नागपूरला बसायचे. लढाई चालू होती, घासलेट मिळत नव्हतं. माझं माहेर जळगाव जामोदचं. वडील देवीची लस टोचणारे सरकारी नोकर. त्यांच्या हट्टामुळे मी मराठी सातवी झाले आणि मग लग्न होऊन वडनेर भोलजीपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात आले. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या नातवंडांशी माझं भांडण नाही. त्यांच्या आज्या-आजोबांशी मात्र आहे, आणि ते मी मरेपर्यंत मिटवणार नाही.

सासरे गावचे पोलीस पाटील. गावातल्या जन्म-मृत्यूचं रजिस्टर त्यांच्याकडे असायचं. डोळे अधू झाल्यामुळे त्यांनी ते काम गुपचूप माझ्यावर टाकलं होतं. "बाहेर कोनाले सांगू नोको, सूनबाई," एवढं बजावून. नाव, वय, मरणाचं कारण. कारणाचे शब्द ठरलेले होते — ताप, पटकी, देवी, हगवण, साप. कशातच बसलं नाही तर 'इतर'. त्या रजिस्टरात म्हातारे असायचे, तान्ही लेकरं असायची. धडधाकट तरणं माणूस गेलं तर साप नाहीतर पटकी. कारण असायचंच.

त्या वैशाखात ते बदललं.

आधी गेला महादा. बावीस वर्षांचा, दातात धरून ज्वारीचं पोतं उचलणारा गडी. दुपारी जेवून निंबाखाली टेकला तो उठलाच नाही. ताप नाही, उलटी नाही, अंगावर दंशाची खूण नाही. आठवड्याने धोंडाबाईची येसू. अठराची पोर, आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली. ताक घुसळता घुसळता रवी हातातून सुटली, संपलं. मग पिंजाऱ्याचा युसूफ. कापूस पिंजायच्या त्याच्या धनुकलीचा आवाज मध्येच थांबला म्हणून बायको पाहायला गेली, तर तो कापसाच्या ढिगावर पडलेला. तिघांच्या नावापुढे मी 'इतर' लिहिलं.

युसूफच्या वेळी मलकापूरहून डॉक्टर आले. भले गृहस्थ होते. त्यांनी तपासलं, विहिरीत लाल औषध टाकलं, आणि जाताना ओसरीवर सासऱ्यांना म्हणाले, "पाटील, खरं सांगतो, मला काही सापडत नाही."

गावाला मात्र सापडलं होतं. येसू मरणाच्या आदल्या दुपारी खळ्यातून अनवाणी आली होती. आमच्याकडचं वैशाखाचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, काळी जमीन तव्यासारखी होते. आणि ही पोर आईला म्हणाली होती, "माय वं, जमीन कशी गारगार लागून राह्यली!" युसूफही आदल्या दिवशी भर दुपारी अंगणातल्या फरशीवर उघड्या पाठीने झोपला होता. बायको ओरडली तर म्हणाला, "मस्त ठंडी हाय."

मी हे सगळं उडवून लावलं. माणूस मेल्यावर लोकांना असं बरंच काही आठवतं, असं म्हणाले.

मग माझा दीर... गजानन. वीस वर्षांचा. त्या घरात माझ्याशी धड बोलणारा तो एकटाच. नांदुऱ्याला गेला की स्टेशनवरून माझ्यासाठी शिळं वर्तमानपत्र आणायचा. एका दुपारी तो वहाणा हातात घेऊन शेतातून आला.

"वहिनी, तुमचा इस्वास नाही बसनार. जमीन गार हाय."

"गजाननभाऊ, असली थट्टा करू नका."

"थट्टा नाही व! पाहा ना."

मी त्याचे तळवे पाहिले. फोड नाही, लालीसुद्धा नाही. मी उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं आणि चटका बसून मागे ओढलं. तो हसला. दुसऱ्या दिवशी जेवताना पाटावरच कलंडला. घास हातात होता.

त्याच्या नावापुढेही मीच लिहिलं. वय वीस. इतर.

तो गेल्याच्या चौथ्या दिवशी मी शेतात भाकर घेऊन निघाले होते. वाटेत वहाणेचा अंगठा तुटला. पाय जमिनीवर पडला आणि मी उभीच राहिले. गार. माघातल्या पहाटे नदीच्या ओल्या वाळूवर पाय ठेवावा तशी गार. दुसरी वहाण काढली. तीच गत. डोक्यावर ऊन रणरणत होतं, पाटी तापलेली होती, आणि पायाखालून थंडी पोटऱ्यांपर्यंत चढत होती.

मी घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. लपवलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण शिकलेली ना मी! म्हटलं, "मामाजी, डॉक्टरला बोलवा. बाकीच्यांना मेल्यावर तपासलं, मला जिवंतपणी तपासू द्या. काहीतरी कळेल."

सासऱ्यांनी डॉक्टरला बोलावलं नाही. दिवस मावळायच्या आत साऱ्या गावाला ठाऊक झालं होतं.

दुसरा दिवस मी विसरणं शक्य नाही. सकाळपासून बाया येऊन अंगणात बसू लागल्या. मला वाटलं धीर द्यायला आल्या. कसला धीर! त्या वाट पाहत होत्या. एकीने तर मला ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, लुगडं कोणतं नेसवायचं म्हणून. मी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसले होते. दर श्वासाला वाटायचं हा शेवटचा. दुपार झाली. जेवणाची वेळ टळली. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, भिंतीवरून गेलं. मी जिवंत होते.

मला वाटलं कुणीतरी म्हणेल, देवाने वाचवलं बाई. कुणी म्हणालं नाही. त्या बायांच्या तोंडावर मी जे पाहिलं तो राग होता. मी मेले नाही याचा राग.

धोंडाबाई उठली, उंबऱ्यापाशी येऊन तिने माझ्याकडे बोट केलं. "माही येसू गेली. पाटलाचा गजू गेला. थे काऊन नाही गेली?"

"मला काय माहीत?" मी म्हणाले.

"तुलेच माईत! पोट्टे खाऊन बसली हायेस तू. तू यायच्या आधी गावात असं कधी झालं व्हतं?"

कुणीतरी शेणाचा गोळा फेकला. तो कपाळावर लागला. सासरे ओसरीवर होते, पाहत होते. गावच्या पोलीस पाटलाने तोंड फिरवलं.

माझे यजमान नामदेव नांदुऱ्याला धान्याच्या अडतीत कामाला होते, भावाची राख सावडून परत गेले होते. त्यांना निरोप गेला, ते सकाळी आले. मला वाटलं आता तरी कुणी बोलेल. मला माहेरी सोडायला त्यांनी माझी ट्रंक गाडीत ठेवली.

"तुम्हालाही वाटतं का, मी काही केलं?" मी विचारलं.

ते बैलांकडे बघत म्हणाले, "मले काय वाटते त्यानं काय होते? पावसाळ्यानंतर येतो न्यायले."

आले नाहीत. वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं.

गाडी वेशीपर्यंत पोचली तेव्हा सासूबाई मागून आल्या. लग्नापासून या बाईने मला एक गोड शब्द दिला नव्हता. त्यांनी नामदेवांना बिडी प्यायला बाजूला पाठवलं आणि गाडीची दांडी धरून खालच्या आवाजात विचारलं, "पोटरीपर्यंत चढली व्हती का थंडी?"

"हो आत्याबाई."

"मले बी चढली व्हती. या गावात नवीन नवरी व्हती मी तवा. तवा बी चार तरने गेले."

"मग तुम्ही काल का नाही बोललात? दिवसभर मी तिथे..."

"काऊन बोलू? मले बी गाडीत बसाचं व्हतं का तुह्यासंगं?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता. "मी तवा तोंड शिवलं. तुले अक्कल नाही. जा आता."

आणि त्या मागे वळून निघून गेल्या. अनवाणी नव्हत्या, एवढं मी पाहिलं.

त्या हिवाळ्यात माझे वडील लस टोचायला त्या गावात गेले. घरोघर विचारून आले. मी गेल्यापासून तिथे एकही तरणं माणूस तसं गेलं नव्हतं. त्यांना ते मला सांगवत नव्हतं, पण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

पुढे मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले; तेव्हापासून किती डॉक्टरांना विचारलं! एक म्हणाले हृदय, एक म्हणाले उष्णतेने मज्जातंतू बधिर होतात. मग माझे तळवे का भाजले नाहीत? मी का वाचले, सासूबाई का वाचल्या? मी गेल्यावर ते थांबलं कसं? गावाने माझ्याशी जे केलं ते पाप होतं, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण मी गेले आणि पोरं मरायची थांबली. याचं उत्तर माझ्याकडे नाही. सासूबाईंना विचारायला हवं होतं, त्यांच्या वेळी ते कशाने थांबलं... गाडी हलली तेव्हा मला ते सुचलं नाही.